दोन तासांची चूक: एसटीपी नावाच्या गोळीचं प्रकरण

औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात मी दर वर्षी एक जुनं प्रकरण घेते. त्यात नावानिशी एकही रुग्ण नाही, कोर्टकचेरी नाही, आणि ती गोळी आता सहसा कुणाच्या कानावरही पडत नाही. तरी घेते, कारण रेणूच्या रचनेत एका टोकाला झालेला लहानसा बदल माणसाच्या अंगात किती लांबवर पोचतो, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. ठिकाण सॅन फ्रान्सिस्कोमधली हेट-ॲशबरी ही वस्ती. काळ जून १९६७ आणि पुढचे दोनअडीच महिने. गोळीचं रस्त्यावरचं नाव एसटीपी. रसायनशास्त्रातलं नाव डीओएम, पूर्ण म्हणायचं तर २,५-डायमेथॉक्सी-४-मिथिलॲम्फेटामिन.

मुलांना मी सुरुवातीलाच एक प्रश्न देते आणि तो फळ्यावर तसाच ठेवते: ही गोळी कुणाची नातेवाईक? तासाच्या शेवटापर्यंत उत्तर निदान तीनदा बदलतं.

आधी प्रसंग.

कॅलिफोर्नियात एलएसडी, म्हणजे विभ्रम घडवणारं एक द्रव्य, ६ ऑक्टोबर १९६६ रोजी बेकायदा ठरलं. त्याने मागणी कमी झाली नाही. १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कमध्ये हजारोंचा मेळावा भरला, त्याच्या बातम्या देशभर गेल्या आणि शाळा-कॉलेजं सुटल्यावर तरुण पोरापोरींचे लोंढे हेट-ॲशबरीकडे निघाले. खिशात पैसे नाहीत, राहायला जागा नाही, आणि आजारी पडलं तर इस्पितळात पोलिसांना कळवतील ही भीती. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी ७ जून १९६७ रोजी ५५८ क्लेटन स्ट्रीटवर मोफत दवाखाना उघडला तो याच मुलांसाठी. दवाखान्याला दोन आठवडे होतात न होतात तोच २१ जून उजाडला, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पार्कमध्ये उत्सव होता, आणि त्या उत्सवात एक नवी गोळी फुकट वाटली गेली. पाच हजारांच्या आसपास गोळ्या वाटल्याचं तेव्हापासून सांगितलं जातं.

एसटीपी हे नाव मोटारीच्या इंजिनात घालायच्या एका तेलाचं होतं, त्याचे स्टिकर गाड्यांवर सगळीकडे दिसत. वस्तीतल्या लोकांनी त्या तीन अक्षरांचा आपला अर्थ लावला: सेरेनिटी, ट्रँक्विलिटी, पीस. गोळी बनवणारे होते ऑस्ली स्टॅन्ली आणि टिम स्कली. दोघंही एलएसडी बनवण्यात मुरलेले, आणि स्टॅन्लीचं नाव तर वस्तीत शुद्ध मालाची हमी म्हणून घेतलं जाई. हा विश्वास या प्रकरणात महत्त्वाचा आहे. ज्याच्या हातची गोळी आजवर नीट निघाली, त्याच्या हातची नवी गोळी घ्यायला कुणाला भीती वाटणार?

आता एका मुलाची कल्पना करा. हा कुणी एक खरा माणूस नाही. त्या उन्हाळ्याच्या वर्णनांत जो क्रम पुन्हा पुन्हा येतो, तो मी एका माणसावर घातला आहे. वय एकोणीस. एलएसडी आठदहा वेळा घेतलेलं. त्याच्या अंगात एलएसडीचं घड्याळ बसलेलं आहे: अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी हलायला लागतं, दोन ते चार तासांत भर येतो, आठ ते बारा तासांत उतरतं. दुपारी दोनला तो नवी गोळी घेतो. पावणेतीन वाजतात, काही नाही. सव्वातीनला पोटात किंचित ढवळल्यासारखं, हाताला बारीक कंप, बाकी काही नाही. तो मित्राला म्हणतो, माल कमजोर आहे. आणि दुसरी गोळी घेतो.

पहिली गोळी तेव्हा कुठे चढायला लागलेली असते. संध्याकाळी पाच-सहापर्यंत ती चढतच राहते आणि मागून दुसरी येते. रात्र होते, त्याच्या हिशेबाने आता उतरायला हवं. उतरत नाही. पहाट होते, तरी नाही. छाती धडधडतेय, घाम, झोपेचं नाव नाही. आणि आता त्याच्या मनात तो विचार येतो ज्याने या मुलांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं: हे आता कधीच उतरणार नाही, मी कायमचा वेडा झालो.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दृश्यं भयंकर होती म्हणून ती मुलं घाबरली असं नव्हे, तशी दृश्यं त्यांनी आधीही पाहिली होती. ती घाबरली कारण अंगातलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांची फारकत झाली. ओळखीच्या रस्त्याने निघालेला माणूस ओळखीच्या वळणावर पोचतो आणि तिथे वळणच नसतं, तसं.

चूक त्या मुलाची म्हणायची का? त्याने उपलब्ध अनुभवावरून तर्क केला, आणि तर्क करायची पद्धत चुकीची नव्हती. नातं चुकीचं धरलं होतं.

मराठीत भाऊबंद आणि सोयरे असे दोन वेगळे शब्द आहेत. भाऊबंद एका रक्ताचे, सोयरे संबंध जोडल्यामुळे झालेले. एसटीपी आणि एलएसडी हे सोयरे होते. तोच बनवणारा, तोच विकणारा, तीच गोळी हातात ठेवायची पद्धत, घेणारेही तेच. रक्ताचं नातं मात्र त्यांच्यात नाही. एलएसडीचा रेणू अरगटच्या बुरशीतून आलेल्या लायसर्जिक आम्लाचा, चार कडी एकमेकांत गुंतलेली. डीओएम त्या मानाने अगदी साधा: एक षटकोनी कडं, त्याला दोन कार्बनची शेपटी, शेपटीच्या टोकाला नायट्रोजन. या घराण्याचं नाव फेनेथिलअमाइन, आणि त्यातला सगळ्यांत जुना ओळखीचा सायकेडेलिक म्हणजे मेस्कॅलिन, पेयोटे निवडुंगातला. जर्मन औषधशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये निवडुंगातली द्रव्यं वेगळी काढून एकेक स्वतः घेऊन पाहिली आणि परिणाम कशाचा ते ठरवलं. १९१९ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट श्पेट यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं.

गंमत अशी की मेस्कॅलिनही सावकाश चढतं, तासदीड तास घेतं आणि दहाबारा तास राहतं. त्या उन्हाळ्यात गोळी ‘मेस्कॅलिनची नात’ म्हणून वाटली गेली असती, तर निदान काही जण तरी थांबले असते असं मला मनापासून वाटतं. पण हेट-ॲशबरीतल्या बहुतेकांना खरं मेस्कॅलिन माहीत नव्हतं.

मेस्कॅलिनपासून डीओएमपर्यंतची वाट

ही वाट चाललेला माणूस म्हणजे अलेक्झांडर शुल्गिन. डाऊ केमिकल कंपनीत, कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक इथल्या प्रयोगशाळेत ते काम करत. त्यांनी मेक्साकार्बेट नावाचं कीटकनाशक शोधलं, झेक्ट्रान या नावाने ते विकलं गेलं, आणि त्या यशापोटी कंपनीने त्यांना मनाजोगतं संशोधन करायची मोकळीक दिली. त्या मोकळिकीत त्यांनी मेस्कॅलिनच्या रेणूचे एकेक भाग बदलून पाहायला घेतले. डीओएम त्यांनी १९६३ मध्ये बनवलं, म्हणजे रस्त्यावर येण्याच्या चार वर्षं आधी.

वाटेवरचे टप्पे फळ्यावर काढताना मी मुलांना सांगते की प्रत्येक पायरीवर फक्त एक गोष्ट बदलते, तीच पाहा.

मेस्कॅलिनच्या कड्यावर तीन मेथॉक्सी गट शेजारीशेजारी बसलेले आहेत, ३, ४ आणि ५ या जागांवर. शेपटी दोन कार्बनची, साधी. परिणामासाठी ते शेकड्याने मिलिग्रॅम लागतं.

पहिला बदल शेपटीत. नायट्रोजनला चिकटलेल्या कार्बनवर एक मिथिल गट बसवायचा, म्हणजे जादा एक कार्बन. फेनेथिलअमाइनचं ॲम्फेटामिन होतं ते एवढ्याच बदलाने. या रेणूचं नाव टीएमए. मेस्कॅलिनच्या साधारण दुप्पट जोरकस. १९५५ मध्ये माणसांवर त्याची चाचणी झालेली होती.

दुसरा बदल कड्यावर. तेच तीन मेथॉक्सी, पण ३-४-५ ऐवजी २-४-५ या जागांवर. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही, नुसत्या जागा बदलल्या. टीएमए-२. जोर मेस्कॅलिनच्या पंधरावीस पटींच्या घरात गेला. दर वर्षी या पायरीवर कुणीतरी हात वर करून विचारतंच, ‘मॅडम, नुसत्या जागा बदलून?’ हो, नुसत्या जागा बदलून. कुलूप तेच, किल्लीचं लोखंड तेवढंच, दाते वेगळ्या ठिकाणी.

तिसरा बदल म्हणजे आपलं द्रव्य. टीएमए-२ मध्ये ४ या जागेवरच्या मेथॉक्सी गटातला ऑक्सिजन काढून टाकायचा. उरतो साधा मिथिल. डीओएम हे नावच तिथून आलंय, डेस-ऑक्सी-मिथिल, ऑक्सिजन काढलेला मिथिल. मेथॉक्सी गट शरीरातल्या विकरांना सहज तोडता येतो; कड्याला थेट चिकटलेला मिथिल तसा चटकन निघत नाही, यकृताला तो टप्प्याटप्प्याने ऑक्सिडाइझ करावा लागतो. आणि परिणाम? मेस्कॅलिनच्या जवळपास शंभर पट.

म्हणजे मेस्कॅलिनचे तीनशे मिलिग्रॅम, डीओएमचे तीन मिलिग्रॅम. चिमूटभर पांढऱ्या भुकटीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

पण जोरापेक्षा मला त्या शेपटीतल्या जादा कार्बनबद्दल अधिक बोलायचंय, कारण त्या उन्हाळ्यातल्या लांबलेल्या रात्रीत त्याचा हात आहे.

आपल्या आतड्यात, यकृतात, मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. फेनेथिलअमाइन घराण्यातल्या रेणूंच्या टोकाचा नायट्रोजन उडवून त्यांना निकामी करणं हे त्याचं काम. साधं फेनेथिलअमाइन, जे चॉकलेटमध्येही थोडंफार असतं, अंगात गेलं की मिनिटांत संपतं. त्याच रेणूच्या शेपटीवर एक मिथिल बसला की ॲम्फेटामिन होतं, आणि ते तासन्‌तास टिकतं, कारण नायट्रोजनच्या शेजारी बसलेला हा मिथिल विकराला आत शिरू देत नाही. दारात आडवी खाट टाकून बसलेल्या माणसासारखा. डीओएममध्ये दोन्ही बाजूंनी बंदोबस्त झाला आहे: शेपटीकडे हा मिथिल, कड्याकडे दुसरा. त्यामुळे घेतलेल्या द्रव्याचा बराच वाटा न तुटता तसाच लघवीवाटे बाहेर जातो.

हे खरं आहे का, याची तपासणी करायला डीओएमचा एक सख्खा भाऊ आहे. शेपटीवरचा मिथिल तेवढा नाही, बाकी रेणू तंतोतंत तोच. त्याला २सी-डी म्हणतात. मेंदूतल्या ज्या ग्राहीला (पेशीवरच्या, द्रव्य येऊन बसायच्या जागेला) ही द्रव्यं चिकटतात त्याला २सी-डीही चांगलंच चिकटतं. पण माणसात ते डीओएमच्या कितीतरी पट जास्त मात्रेत लागतं आणि चारसहा तासांत उतरतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन. फरक दुपारभराचा आणि रात्र उलटून जाण्याचा.

दवाखान्यातली अडचण

घेणाऱ्यांनी नातं चुकीचं धरलं तसं डॉक्टरांनीही धरलं, पण त्यांची अडचण अधिक खरी होती आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. समोर घाबरलेला, बुबुळं विस्फारलेला, थरथरणारा मुलगा. काय घेतलंस, तर एसटीपी. एसटीपी म्हणजे काय, हे जून महिन्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. अफवा उठली की हे लष्कराच्या बीझेडसारखं रसायन आहे. बीझेड धोतऱ्याच्या जातीचं, म्हणजे अॅसिटिलकोलिन या मज्जातंतूंमधल्या निरोप्याचं काम अडवणारं द्रव्य; तोंड कोरडं, भ्रम, दिवसचे दिवस टिकणारा गोंधळ.

आता एलएसडीने घाबरलेल्या माणसाला तेव्हा सर्रास क्लोरप्रोमॅझिन हे मनोविकारांवरचं औषध दिलं जाई. पण क्लोरप्रोमॅझिन स्वतःही थोडंफार अॅसिटिलकोलिन अडवतं. समोरचं द्रव्य खरंच धोतऱ्याच्या जातीचं असेल तर क्लोरप्रोमॅझिनने आगीत तेल पडेल. तेव्हा ‘एसटीपीवर क्लोरप्रोमॅझिन देऊ नका, उलटतं’ अशी सूचना फिरू लागली. मी ही भीती मूर्खपणाची मानत नाही. हातात रेणू नसताना लक्षणांवरून नातं ओळखायचं, आणि चूक झालीच तर कमी नुकसानाच्या बाजूने व्हावी, हा विचार डॉक्टरकीचाच आहे. क्लेटन स्ट्रीटच्या दवाखान्यात एक शांत खोली ठेवलेली होती. तिथे माणसाला बसवायचं, सोबत कुणीतरी राहायचं, हळू आवाजात बोलायचं आणि पुन्हा पुन्हा सांगायचं, तू एक औषध घेतलंयस, ते उतरणार आहे. त्या मुलांना सगळ्यांत जास्त गरज त्याच वाक्याची होती. फक्त किती तासांत उतरेल, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या उन्हाळ्यातच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोळ्यांचं विश्लेषण केलं आणि त्यातलं द्रव्य डाऊ कंपनीच्या त्या संयुगाशी जुळलं. मग खरं काम झालं ते सॉलोमन स्नायडर, लुई फेलेस आणि लिओ हॉलिस्टर यांचं. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मोजून मात्रा दिल्या आणि त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष छापले. दोन पानांचा तो निबंध मी मुलांना पूर्ण वाचायला लावते.

त्यात असं होतं: कमी मात्रेत सौम्य उल्हास. तीन मिलिग्रॅमच्या वर ठळक विभ्रमकारी परिणाम, एलएसडी, मेस्कॅलिन आणि सिलोसायबिनसारखाच, साधारण आठ तास टिकणारा. मेस्कॅलिनच्या शंभर पट जोरकस, एलएसडीच्या मात्र तिसाव्या हिश्श्याइतकंच जोरकस. क्लोरप्रोमॅझिनने परिणाम वाढला नाही की लांबला नाही. चोवीस तासांत सुमारे वीस टक्के द्रव्य न बदलता लघवीत.

आठ तास! रस्त्यावर तर लोक चोवीस तास, बहात्तर तास म्हणत होते. मुलं इथे अडखळतात. मग मी गोळीचं वजन सांगते. जूनमधल्या त्या गोळ्यांत वीस मिलिग्रॅम होते. तीन मिलिग्रॅमला ठळक परिणाम, गोळीत वीस, आणि आपल्या त्या मुलाने घेतल्या दोन, म्हणजे चाळीस. एलएसडीच्या भाषेत सांगायचं तर एकास तीस या प्रमाणाने चाळीस मिलिग्रॅम म्हणजे तेराशे मायक्रोग्रॅमच्या वर. एरवी त्याने शंभर-दोनशे, फार तर अडीचशे घेतलेले असणार. शरीर जे द्रव्य हळूहळू बाहेर टाकतं ते एवढं भरलं तर रिकामं व्हायला किती वेळ लागेल, हे गणित अवघड नाही. पुढे वस्तीत दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या. त्याही थोड्या नव्हत्या.

वीस मिलिग्रॅम का ठरवले असतील, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो आकडा टाळता आला असता. बनवणाऱ्यांनी मात्रा तोलून गोळ्या पाडल्या होत्या, माल भेसळीचा नव्हता. शुद्ध होता. शुद्धतेची हमी म्हणजे सुरक्षिततेची हमी, असं जे आपण सगळेच कळत नकळत मानतो, ते इथे उघडं पडलं.

ॲम्फेटामिन हे आडनाव

फळ्यावरच्या प्रश्नाला मुलांचं दुसरं उत्तर येतं ते नावावरून. नावाच्या शेवटी ॲम्फेटामिन आहे, तर हे ॲम्फेटामिनचंच काहीतरी, ‘स्पीड’चा मोठा भाऊ. वर्तमानपत्रांनाही ते सोपं वाटलं. सांगाडा बघितला तर खरंच आहे: १८८७ मध्ये बर्लिनमध्ये लाझार एडेलियानू यांनी बनवलेल्या ॲम्फेटामिनवर तीन गट चढवले की डीओएम होतं. पण काम पाहा. ॲम्फेटामिन मज्जापेशींमधून डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं, त्यातून जाग, तरतरी, भूक मरणं. डीओएम हे ढकलाढकलीचं काम जवळजवळ करतच नाही. ते थेट सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या ग्राहीवर जाऊन बसतं, जिथे मेस्कॅलिन बसतं, जिथे एलएसडी बसतं.

याचा एक सुंदर पुरावा आहे. हे रेणू डाव्या-उजव्या हाताच्या जोडीसारखे दोन रूपांत असतात. ॲम्फेटामिनचं उजवं रूप जास्त जोरकस. एमडीएमएचंही (एक्स्टसीचंही) तसंच, एस नावाचं रूप वरचढ. डीओएमचं मात्र उलट: आर नावाचं रूप जोरकस. आडनाव एक, पण एक घर उजव्या हाताने जेवतं आणि दुसरं डाव्या.

या घराण्यात चुलत भावंडंही एकमेकांसारखी वागत नाहीत, हे स्नायडर यांच्याच पुढच्या कामातून दिसलं. डीओएमच्या ४ या जागेवर मिथिलऐवजी इथिल बसवला, म्हणजे आणखी एक कार्बन, की डीओईटी होतं. १९६८ मध्ये त्यांनी दोन्हींची तुलना छापली. डीओईटीच्या लहान मात्रांत स्वयंसेवकांना हलकं, उत्साही वाटलं, विभ्रम झाले नाहीत. त्याच जागी ब्रोमीन बसवला की डीओबी. ते डीओएमहूनही जोरकस आणि लांब टिकणारं, आणि त्याच्यात एक वेगळाच धोका आहे: जास्त मात्रेत हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात. १९८३ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आलं, अरगटच्या विषबाधेसारखं. डीओएमबद्दल जे शिकलो ते डीओबीला जसंच्या तसं लावता येत नाही. एका जागेवरचा एक अणू.

आपल्याशी संबंध

विद्यार्थी विचारतात, अमेरिकेतलं पन्नाससाठ वर्षांपूर्वीचं हे आम्हाला कशाला. कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात पहिल्याच अनुसूचीत ‘एसटीपी, डीओएम’ अशी नोंद आहे, आणि आपल्या १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या मनःप्रभावी पदार्थांच्या यादीतही हीच दोन नावं एलएसडी आणि मेस्कॅलिनच्या सोबत आहेत. पुण्यात किंवा पणजीत ही गोळी बाळगणं हा गुन्हा आहे.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या पार्टीत ‘पेपर’ म्हणून टीचभर कागदाचा चौकोन हातात येतो, आणि घेणारा तो एलएसडी समजतो. एकदोन मिलिग्रॅममध्ये परिणाम करणारं डीओबी त्या चौकोनावर मावतं. त्याहून वाईट म्हणजे २५आय-एनबीओएमई, याच फेनेथिलअमाइन घराण्यातलं, मायक्रोग्रॅममध्ये काम करणारं. जगभर ते एलएसडीच्या नावाने विकलं गेलं आणि त्यात माणसं मेली. एलएसडीला त्या मात्रेत चव नसते. एनबीओएमई कडू लागतं आणि जीभ बधिर करतं. रसायनशाळेत अर्लिख अभिकर्मकाचा थेंब टाकला तर एलएसडीतल्या इंडोल कड्यामुळे जांभळा रंग येतो. डीओबी किंवा एनबीओएमईत इंडोल नाही, रंग येत नाही. रंग आला म्हणजे कागद निर्धोक, असं मात्र नव्हे. त्यावर किती आहे, आणखी काय आहे, ते रंग सांगत नाही.

आणि ती दुसरी गोळी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असल्या ठिकाणी कधी मित्रासोबत असेल, आणि मित्र म्हणेल, ‘काहीच होत नाहीये, अजून एक घेतो’, तर त्या क्षणी त्याचा हात धरावा, एवढ्यासाठी मी हा सगळा तास घेते. तासाभरात काही झालं नाही याचा अर्थ माल कमजोर आहे असा होत नाही. हातात जे आहे ते आपण समजतो ते नाही, असाही होऊ शकतो. अंग तापलं, झटका आला, छातीत दुखलं, हातपाय निळे-गार पडले तर १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता घेतलं, ते खरं सांगायचं. वेळ सांगितली तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. १९६७ मध्ये ती सांगूनही उपयोग नव्हता, कारण घड्याळच कुणाकडे नव्हतं.

प्रश्नाकडे परत

२१ डिसेंबर १९६७ ला ओरिंडा इथे स्टॅन्लीच्या जागेवर छापा पडला. तिथे एलएसडीच्या साडेतीन लाख मात्रा सापडल्या आणि एसटीपीच्या दीड हजार. सहा महिन्यांत वस्तीने त्या गोळीकडे पाठ फिरवली होती.

प्रयोगशाळांनी मात्र नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये रिचर्ड ग्लेनन यांनी उंदरांना डीओएम ओळखायला शिकवलं. पिंजऱ्यात दोन कळा. डीओएम टोचलेलं असेल तर एक कळ दाबल्यावर खाऊ, नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं असेल तर दुसरी दाबल्यावर. काही आठवड्यांत उंदीर चुकेनासे होतात. मग त्यांना दुसरं एखादं द्रव्य टोचायचं आणि कोणती कळ दाबतात ते पाहायचं. म्हणजे माझ्या फळ्यावरचा प्रश्न थेट उंदरालाच विचारायचा: हे तुझ्या ओळखीचं वाटतं का?

मेस्कॅलिन दिलं, उंदराने डीओएमची कळ दाबली. ॲम्फेटामिन दिलं, ती कळ दाबली नाही. आडनावाने त्याची फसगत झाली नाही. आणि एलएसडी दिलं, चार कड्यांचं, रचनेने परकं, तर पुन्हा डीओएमची कळ. अशा द्रव्यांच्या लांबलचक रांगेवरून आणि ग्राहीला ती किती घट्ट चिकटतात त्याच्या मापांवरून ग्लेनन यांनी १९८४ मध्ये मांडलं की यांचं सगळ्यांचं काम सेरोटोनिनच्या ५-एचटी२ ग्राहीवर चालतं.

इथे वर्गातलं कुणी ना कुणी म्हणतं, म्हणजे हेट-ॲशबरीतल्या मुलांचंच बरोबर होतं की, त्यांनी ती एलएसडीच्या जातीची मानली. हो, तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण उंदराला द्रव्य सुईने टोचतात, पाव तास थांबतात आणि कळांची परीक्षा काही मिनिटांत उरकते. दुपारी दोनला घेतलेली गोळी सव्वातीनला का चढली नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे का उतरली नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.